तुम्ही बसा

वाचकहो, मराठी घरांत दिवसातून दहा वेळा उच्चारले जाणारे दोन शब्द आज मला आपल्यापुढे ठेवायचे आहेत : ‘तुम्ही बसा.’ सासूबाई भांडे उचलायला वाकल्या की सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा.’ आजोबा पिशवी घेऊन निघाले की मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही बसा, मी आणतो.’ या शब्दांत माया आहे, आदर आहे आणि काळजीही आहे. म्हणूनच त्यांनी एखाद्या माणसाचे नुकसान होऊ शकते, हे लवकर ध्यानात येत नाही. माझ्या ध्यानात यायला पाच महिने लागले, आणि मी व्यवसायाने समुपदेशक आहे.

गेली बावीस वर्षे मी पुण्यात हे काम करते. त्यातला बराच काळ ज्येष्ठ नागरिक आणि त्यांची देखभाल करणारे कुटुंबीय यांच्या सहवासात गेला. आज मात्र मी लिहिणार आहे ते माझ्या वडिलांविषयी. त्यांची परवानगी घेतली आहे. ‘लिही, पण उगाच लोकांना रडवू नकोस,’ एवढी एकच अट त्यांनी घातली.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांची सारी नोकरी एसटीत झाली आणि त्यातली बहुतेक वर्षे कराडच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. कोणती गाडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली, चालक-वाहक कोण, याची नोंद ते करीत आणि ध्वनिक्षेपकावरून फलाटाचा क्रमांक पुकारीत. २००१ मध्ये ते निवृत्त झाले, परंतु त्यांचे वेळापत्रक निवृत्त झाले नाही. पहाटे पाचला उठून पाणी भरायचे, सहाला प्रीतिसंगमावर फिरायला जायचे, येताना दूध आणायचे, तुळशीला पाणी घालायचे. शेवटची आठ वर्षे आईचे गुडघे साथ देईनात, तेव्हा भाजी आणणे-निवडणे, कणीक मळणे, आईच्या गोळ्या वेळेवर देणे, रात्री तिच्या पायांना तेल लावणे हेही त्यांच्याकडे आले. ‘ड्युटी वाढली,’ असे ते हसत म्हणत.

२०२२ च्या जूनमध्ये आई गेली. अण्णा तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते. दिवसकार्य आटोपले, मी कराडच्या घराला कुलूप लावले आणि त्यांना पुण्याला घेऊन आले. त्यांना विचारले का? विचारले, पण ज्या प्रश्नाचे उत्तर आपण आधीच ठरवलेले असते, तसा तो प्रश्न होता.

पुण्यात त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली होती, खिडकीशी आरामखुर्ची होती, नवा दूरचित्रवाणी संच होता. दुधाच्या पिशव्या दाराशी येत. भाजी फोनवरून मागवली जाई. स्वयंपाकाला बाई होत्या. सात कप्प्यांच्या डबीत त्यांच्या आठवड्याच्या गोळ्या मी रविवारी भरून ठेवी. ते खुर्चीतून उठले की मी, माझे पती किंवा माझा मुलगा, कोणीतरी म्हणेच : ‘अण्णा, तुम्ही बसा.’ आयुष्यभर राबलेल्या माणसाला आता विश्रांती मिळावी, एवढीच आमची इच्छा होती. आणखी एक गोष्ट खरी आहे, तीही सांगते. आलेल्या पाहुण्यांनी ‘म्हाताऱ्या माणसाला कामाला लावले’ असे म्हणू नये, ही धास्तीही मनात होती.

श्रावणातल्या एका संध्याकाळी बाईंनी मेथीची जुडी ओट्यावर ठेवली होती. अण्णांनी ती उचलली, वर्तमानपत्र पसरले आणि खिडकीशी बसून निवडू लागले. तासभर तरी ते निवडत होते. त्यांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, त्यामुळे काही जून देठ आणि दोन-चार पिवळी पाने भाजीत राहिली. मी कामावरून आले, परात पाहिली आणि काही न बोलता ती मेथी पुन्हा निवडायला घेतली. मला वाटले, ते बातम्या पाहत आहेत. मान वर केली तेव्हा ते माझ्या हातांकडे पाहत होते. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी भाजीला हात लावला नाही.

पुढच्या महिन्यांत त्यांच्यात जे बदल झाले ते मी माझ्या रुग्णांच्या बाबतीत क्षणात ओळखले असते. ते पहाटे तीनलाच जागे होऊ लागले. जेवण अर्ध्यावर आले. पोट साफ होत नाही, पाठ दुखते, अंगात ताकद नाही, अशा तक्रारी रोज नव्या. अंघोळीला ‘नंतर बघू’. विचारलेले आठवत नसे, आठवायचा प्रयत्नही ते करीत नसत. शर्ट सैल झाले. मी प्रत्येक गोष्टीला एक कारण शोधून ठेवले होते. पहिले दोन महिने म्हणाले, हा शोक आहे. मग म्हणाले, हवापालट मानवत नसेल. मग म्हणाले, वय झाले. आपल्या माणसाकडे पाहताना आपली नजर किती सोयीची होते, याचा तो धडा होता.

कार्तिकातल्या एका रविवारी मी त्यांच्या गादीची चादर बदलत होते. गादीखाली रुमालाची पुरचुंडी सापडली. तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मोजल्या, एकेचाळीस निघाल्या. म्हणजे चाळीसहून अधिक दिवस मी भरलेल्या डबीतून ते रोज गोळी काढत होते आणि रुमालात ठेवत होते.

मी त्यांच्याजवळ बसले. इतरांना शिकवलेला प्रश्न स्वतःच्या वडिलांना विचारताना माझा आवाज कापत होता. मी विचारले, ‘अण्णा, जगू नये असे वाटते का?’

ते बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मरायचे म्हणून नाही ठेवल्या. पण घेऊन तरी काय करायचे? तुझ्या आईची ड्युटी होती तोवर ठीक होते. आता माझ्या नावावर एकही गाडी नाही.’

वाचकहो, येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगते. असा प्रश्न विचारल्याने समोरच्याच्या मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट विचारल्याने त्याला बोलायला वाट मिळते. ‘आता देवाने न्यावे’ हे वाक्य आपल्याकडे इतके सवयीचे झाले आहे की आपण ते हसण्यावारी नेतो. ते वारंवार येऊ लागले, त्याबरोबर जेवण तुटले, झोप मोडली, औषधे चुकू लागली, तर ते वाक्य गंभीरपणे घ्यावे, शांतपणे विचारावे आणि त्या माणसाला एकटे न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे. तातडीने कोणाशी बोलावेसे वाटले, तर ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक ज्येष्ठांसाठी आहे, तसाच देखभाल करून थकलेल्यांसाठीही आहे.

आपल्याच माणसाचा उपचार आपण करू नये, असा आमच्या व्यवसायाचा संकेत आहे. दुसऱ्याच दिवशी मी अण्णांना एका मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी आधी रक्तदाब पाहिला, तो अर्थातच वाढलेला होता. मग थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व, रक्तातील साखर आणि सोडियम यांच्या तपासण्या सांगितल्या. अण्णांची आधीपासूनची सर्व औषधे पाहिली, ऐकू नीट येते का हेही तपासले. उतारवयातील उदासीनतेमागे कधी शरीरातील बिघाड असतो, कधी दुसऱ्या आजाराचे औषध असते, तर कधी ऐकू न आल्यामुळे तुटलेला संवाद असतो. म्हणून ही पायरी गाळू नये.

निदान नैराश्याचे झाले. मला भीती होती ती स्मृतिभ्रंशाची. डॉक्टरांनी समजावले की, वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाचा मुखवटा घालून येते. मन खचले की लक्ष लागत नाही, आणि लक्षच दिले नाही ते आठवणार कसे? नैराश्याचा उपचार झाला की असा विसराळूपणा बराचसा ओसरू शकतो. स्मृतीची तक्रार त्यानंतरही राहिली, तर तिची वेगळी तपासणी करावी लागते.

शोक आणि नैराश्य यांतला फरकही त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितला, जणू मी विद्यार्थिनीच होते. शोक लाटांसारखा येतो. गेलेल्या माणसाच्या आठवणीने डोळे भरतात, पण मधल्या वेळेत नातवाच्या बोलण्यावर हसूही येते. नैराश्यात भरती-ओहोटी फारशी नसते. सर्व दिवस एकाच करड्या रंगाचे होतात, आणि ‘ती गेली’ या दुःखाच्या जागी ‘मी कशाला आहे’ हा प्रश्न येऊन बसतो. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर वाट पाहू नये. मी पाच महिने वाट पाहिली.

औषध सुरू झाले. त्याचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, वृद्धांत कधी अधिकही, हे घरातील सर्वांना सांगून ठेवावे लागले. नैराश्यावरची औषधे म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसन लागत नाही. मात्र बरे वाटू लागले म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. यांतल्या काही औषधांनी वृद्धांच्या रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून सांगितलेली रक्ततपासणी चुकवू नये.

त्याच भेटीत डॉक्टरांनी अण्णांना एक साधा प्रश्न विचारला होता. ‘घरात तुमच्याकडे काय काम असते?’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘काही नाही. बसतो.’

त्या उत्तराचा अर्थ घरी येईपर्यंत माझ्या मनात उलगडत गेला. आईच्या मृत्यूने अण्णांची पत्नी गेली होती, आणि त्याच दिवशी आठ वर्षांची त्यांची देखभालही संपली होती. आजारी माणसाची सेवा करणारा जेव्हा मागे उरतो, तेव्हा त्याचे असे दुहेरी नुकसान होते. तेल लावायला पाय नसतात, गोळी द्यायला हात नसतो, रात्री हाक येत नाही. लोक म्हणतात, ‘सुटलात हो, आता आराम करा.’ उरलेली कामे आम्ही काढून घेतली होती, प्रेमाने आणि एकेक करून.

मग मी दुसरी चूक केली. त्यांना कामे ‘द्यायला’ लागले. वर्तमानपत्रांच्या घड्या घालून ठेवा, चमचे लावून ठेवा. अण्णांनी दोन दिवस घड्या घातल्या आणि सोडून दिल्या. ते शहाणे होते. जे काम केले नाही तरी कोणाचे अडत नाही, ते काम म्हणजे करमणूक आहे, हे त्यांना कळत होते. लहान मुलांना लाटण्याशी खेळायला कणकेचा गोळा देतात, तसे ते होते.

खरे काम आले ते मार्चमध्ये, आणि ते मी आणले नाही. आमच्या सोसायटीची कूपनलिका दर उन्हाळ्यात आटते आणि पाण्याचे टँकर मागवावे लागतात. टँकर किती आले यावरून सोसायटी आणि पुरवठादार यांच्यात दर महिन्याला वाद होई. पहारेकऱ्याची वही एक सांगे, बिल दुसरे सांगे. सोसायटीचे सचिव हा प्रश्न घेऊन आमच्याकडे आले होते. आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला, ‘नोंद कशी ठेवता तुम्ही?’

मी म्हणणारच होते, ‘अण्णा, तुम्ही बसा.’ शब्द ओठांपर्यंत आले होते. माझ्या पतींनी मला नजरेने थांबवले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी फूटपट्टीने रकाने आखले : तारीख, गाडी क्रमांक, आत आल्याची वेळ, टाकी भरून निघाल्याची वेळ, चालकाची सही. फाटकाजवळ कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची आणि लहान टेबल लागले. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात ही त्यांची वेळ ठरली. मधल्या वेळी येणारा टँकर पहारेकरी कच्च्या कागदावर टिपे आणि अण्णा तो वहीत चढवीत. महिनाअखेर बिल बासष्ट टँकरांचे आले, वहीत सत्तावन्न होते. वही पाहून पुरवठादाराने पाचांचे पैसे कमी केले. सोसायटीच्या सभेत अण्णांचे नाव घेतले गेले. घरी आल्यावर ते म्हणाले, ‘सह्या असल्या की वाद होत नाही.’ आई गेल्यानंतर इतका सरळ, स्वतःहून उच्चारलेला आनंद मी प्रथमच ऐकत होते.

हे सारे वहीने केले, असे मी म्हणणार नाही. तोवर औषध चार महिने चालू होते, भूक आणि झोप परतली होती. औषधाने त्यांना उठायचे बळ दिले, वहीने उठायचे कारण दिले. या दोहोंपैकी एकच असते तर काय झाले असते, ते मी सांगू शकत नाही.

या अनुभवाला जुळणारा एक प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन यांनी तेथील एका वृद्धनिवासात तो केला आणि १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, येथील जीवनाची जबाबदारी तुमची आहे. खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, आणि हवे असेल तर एक रोप घ्या, त्याची निगा तुम्हीच राखा. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, तुमची काळजी घेणे हे आमचे काम आहे. रोप त्यांनाही मिळाले, पण पाणी परिचारिका घालणार होत्या. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक उत्साही आणि सजग आढळली. गट लहान होता, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरीही दोन्ही मजल्यांवर रोपे सारखीच होती, फरक होता तो पाणी कोणी घालायचे याचा, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

देखभाल करणाऱ्या वाचकांना माझ्या चुकांतून काही सांगावेसे वाटते. घरातील एखादे खरे काम ज्येष्ठांच्या नावावर असू द्या : दुधाचा हिशेब, देवपूजेची फुले, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, झाडांना पाणी. ते काम त्यांच्या आवडीचे आहे का, हे त्यांनाच विचारा. एकदा दिले की त्यांच्या गतीने होऊ द्या आणि त्यांच्यामागे पुन्हा करू नका. करावेच लागले, तर त्यांच्यादेखत करू नका. गॅस, ओली फरशी, रहदारीचा रस्ता, औषधांच्या मात्रा येथे सावधगिरी हवीच. तेथे ‘नको’ म्हणताना कारण सांगा. गॅस पेटवायला नको म्हटले, तर मीठ किती घालायचे हे त्यांना विचारता येते. आणि आपल्या घाईकडेही पाहा. पुष्कळदा ‘तुम्ही बसा’ म्हणताना आपल्याला त्यांच्या थकण्याची जेवढी चिंता असते, त्याहून अधिक आपला वेळ वाचवायचा असतो. मला तरी तसेच होते.

जे अंथरुणाला खिळले आहेत त्यांचे काय, असे आपण विचाराल. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एक घर सांगते. खुब्याचे हाड मोडल्याने एक आजी दीड वर्ष पलंगावर होत्या. त्यांची सून रोज सकाळी भाज्यांची टोपली पलंगाशी नेई आणि विचारी, ‘आई, आज काय करू?’ आजी सांगतील ती भाजी होई. एकदा सुनेने घाईत न विचारता भाजी केली, तेव्हा आजी दिवसभर रुसल्या. सून माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी तिला म्हटले, ज्या दिवशी त्या रुसायच्या थांबतील त्या दिवशी काळजी करा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसालाही दोन साड्या समोर धरून ‘यातली कोणती?’ असे विचारता येते. हात चालत नसले, तरी पसंती चालते.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. ‘मला काही नको, मी बसतो’ असे म्हणून आपण मुलांचे काम सोपे करीत आहोत, असे आपल्याला वाटत असेल. कृपया तसे करू नका. काय हवे ते मागा. ‘हे काम माझ्याकडे राहू दे’ असे स्पष्ट म्हणा. एखादे काम आता जमत नसेल, तर तेही सांगा. त्याऐवजी दुसरे शोधता येईल. मन सतत उदास राहत असेल, तर पाठदुखीइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगा. अण्णांनी मला सांगितले नाही, कारण ‘तुझ्या कामाच्या व्यापात आणखी माझे कशाला’ असे त्यांना वाटत होते. माझा व्याप म्हणजे दिवसभर इतरांच्या वडिलांचे ऐकणे हाच होता.

अण्णांनी आता ऐंशी ओलांडली आहे. डोळ्यांमुळे वही लिहिणे जड जाते, म्हणून गेल्या उन्हाळ्यापासून ते वेळ सांगतात आणि पहारेकऱ्याचा मुलगा लिहितो. त्याचे अक्षर सुधारण्याची ड्युटी अण्णांनी आपणहून घेतली आहे.

परवा मी कामावरून आले तेव्हा ओट्यावर मेथीची जुडी होती. अण्णा खुर्चीतून उठू लागले. सवय जात नाही. मी म्हणून गेले, ‘अण्णा, तुम्ही बसा.’

‘बसतो,’ ते म्हणाले, ‘पण ती जुडी इकडे दे.’

त्या रात्रीच्या भाजीत दोन-तीन जून देठ होते. आम्ही सगळ्यांनी ते चावून खाल्ले.